मातृदिनी एका दिवसापुरते फिलिपिन्सची राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रांतिक शिक्षणाधिकारी (खाजगी शाळा विभाग),
प्रांतिक शिक्षण कार्यालय,
थुंगसाई, थायलंड.

अर्जदार: कु. रोवेना गुमबान, इंग्रजीच्या सहशिक्षिका, प्रतीपवित विद्यालय, थुंगसाई.

विषय: येत्या १२ ऑगस्ट रोजी, थायलंडच्या मातृदिनाच्या कार्यक्रमापुरते, अर्जदारास तिच्या मूळ देशाची राहू देण्याबाबत.

संदर्भ: विद्यालयाच्या संचालिका श्रीमती सुमाली यांची तोंडी सूचना. (लेखी मागितली असता "असलं कुणी लिहून देतं का?" असे उत्तर मिळाले.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी गेली चार वर्षे सदर विद्यालयात इंग्रजी शिकवत आहे व तेवढीच वर्षे मी कॅनडाची आहे. त्यापूर्वी मी फिलिपिन्सची होते. माझ्या अध्यापन परवान्यावर 'फिलिपिन्स' असा शिक्का आपल्याच कार्यालयाने मारलेला असल्याने ही बाब आपणांस ठाऊक आहेच. तरीही ती ठाऊक नसल्यासारखे सर्वांनी वागायचे असा इथला रिवाज असल्याने मुळापासून सांगते.

१. परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचे म्हटले की आधी देश निवडावा लागतो. आमच्याकडच्या मुली जपान, व्हिएतनाम, थायलंड असा खल करत महिनोन्महिने घालवतात. मी थायलंड निवडला आणि सुटले एकदाची, असे समजले. रुजू झाले त्या दिवशी संचालिका मला फाटकाशी घेऊन गेल्या. तिथल्या फलकावर पाच झेंडे रंगवलेले आहेत: इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. त्या म्हणाल्या, "हं, मिस रोवेना, आता देश निवडा. कॅनडा आणि न्यूझीलंड रिकामे आहेत. आमचा कॅनडा गेल्या महिन्यात न सांगता व्हिएतनामला पळाला." मला माझा देश आहे, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे की. घरी ठेवा तो. फलकावर आहे का? पालक फलक बघून येतात हो." माझी मावसबहीण विनिपेगला असते, म्हणून मी कॅनडा घेतला. आमचे इंग्लंड म्हणजे श्री. टाबे. ते मूळचे कॅमेरूनचे. त्यांना रोज मधल्या सुट्टीत पालकांना दिसेल अशा जागी बसून दुधाचा चहा प्यावा लागतो, आणि दूध त्यांना बाधते.

२. फी घेताना मी कॅनडाची असते, पगार देताना फिलिपिन्सची. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तक्रार कोणत्या देशाच्या नावाने करावी हेच ठरत नाही. डिसेंबरात हिवाळी सप्ताह भरतो. त्यात अंगाची लाही होत असताना मी लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून वर्गावर जाते. दरवर्षी घामोळ्या येतात. कॅनडात अस्वलं दारापर्यंत येतात का, असे मुले विचारतात. येतात, असे मी सांगते. रविवारी चर्चमध्ये त्याची माफी मागते. पाद्रीबाबा आता विचारतातच, "या आठवड्यात किती अस्वलं?"

गेल्या वर्षी एक खरे कॅनडावाले गृहस्थ नोकरी मागायला आले. सोबत पासपोर्ट, पदवी, सगळे होते. ते तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातले. संचालिकांनी थोडा वेळ त्यांचे बोलणे ऐकले आणि नारळ दिला. "हे कसलं कॅनडाचं इंग्रजी? आमच्या मिस रोवेना कशा बोलतात ते जरा ऐका," असे त्यांना वर सुनावले. मला तर जमिनीत गडप व्हावेसे वाटले. ते गृहस्थ भला माणूस. जाताना मला एवढेच म्हणाले, "माझ्या आईची नर्स फिलिपिन्सची आहे. अगदी तुमच्यासारखं बोलते."

येथे आणखी एक बाब नम्रपणे नमूद करते. आपली कन्या माझ्याच वर्गात आहे. तिचे उच्चार 'अगदी कॅनडासारखे' झाल्याबद्दल आपण पालकसभेत माझे जाहीर आभार मानले होते. ते उच्चार फिलिपिन्समधल्या माझ्या इलोइलो प्रांताचे आहेत. आता परत घेता येणार नाहीत, क्षमस्व.

३. हे सगळे मी चार वर्षे निमूट सोसले. अर्ज करण्याची वेळ आली ती पुढील कारणाने.

माझी आई, श्रीमती ऑरेलिया गुमबान, येत्या १० तारखेला मला भेटायला येत आहे. मी इथे आल्यापासून आमची भेट नाही. ती आमच्या गावच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. मला इंग्रजी शिकवले ते तिनेच, आणि वर्गात तिने मला कधी मुलगी म्हणून सवलत दिली नाही. मातृदिनाला आपल्याकडे मुले आईच्या पायाशी बसतात, तिला मोगऱ्याची माळ देतात आणि जमिनीला डोके टेकतात. यंदा परदेशी शिक्षकांनीही आपापल्या आईसह व्यासपीठावर यावे, असे संचालिकांनी ठरवले आहे. मी आनंदाने सांगायला गेले की माझी आई नेमकी त्याच वेळी येते आहे.

संचालिकांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "अहो, कॅनडाची आई अशी दिसते का?" दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. समुद्रकाठी हेल्गाबाई नावाच्या एक जर्मन पेन्शनर राहतात. उंच, गोऱ्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्या माझी आई म्हणून व्यासपीठावर बसतील. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, ही अडचण मी मांडली. "बोलायचंय कुठे त्यांना? खुर्चीत बसायचं आणि डोळे पुसायचे," असे उत्तर मिळाले. हेल्गाबाई बसायला तयार आहेत. रडण्याबाबत विचार करून कळवते म्हणाल्या.

आणि माझी आई? तिने तिसऱ्या रांगेत बसावे, माझी मोलकरीण म्हणून. संचालिकांचे शब्द जसेच्या तसे देते: "कॅनडाच्या बाईकडे फिलिपिन्सची कामवाली असायचीच. कुणाला शंकासुद्धा येणार नाही. उलट शोभून दिसेल."

महोदय, 'ही माझी आई आहे' हे वाक्य माझ्या वर्गात पहिल्याच सत्रात असते. मुले पुटपुटली तर मी त्यांना उभे करून मोठ्याने म्हणायला लावते. तेच वाक्य त्या दिवशी मी ध्वनिक्षेपकावरून, सगळ्या मुलांसमोर, हेल्गाबाईंकडे हात करून म्हणायचे आहे. संताप येतो, महोदय. अर्जात असे लिहू नये हे मला कळते, तरी लिहिते.

४. ही हकीकत मी आईला फोनवर सांगितली. तिने नकार द्यावा, चिडावे, मला चार शिव्या घालाव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती. ती चिडली असती तर मी कदाचित तिचीच समजूत काढत बसले असते, नोकरीचे कारण दिले असते, आणि हा अर्ज आपल्यापर्यंत आलाच नसता. पण ती लगेच म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? एक दिवसाचा तर प्रश्न आहे. बसेन मी. तुझी नोकरी राहू दे." आणि फोन ठेवण्यापूर्वी तिने एकच विचारले: "एप्रन मी इकडून आणू, की तिथं मिळेल?"

सबब विनंती की, १२ ऑगस्ट रोजी सकाळी कार्यक्रम संपेपर्यंत मला फिलिपिन्सची राहण्याची परवानगी मिळावी. आपण प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत असणारच आहात. परवानगी मिळाली तर मी व्यासपीठावर माझ्या आईच्या पायाशी बसेन. न मिळाल्यास मी माळ घेऊन खाली उतरेन आणि तिसऱ्या रांगेत, सगळ्यांदेखत, मोलकरणीपुढे डोके टेकेन. त्यानंतर शाळा मला कुठल्या देशाला पाठवते ते पाठवो.

कळावे, निर्णय ११ तारखेपर्यंत व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
रोवेना गुमबान
थुंगसाई, दि. ३० जुलै

सोबत:
१) माझ्या जन्मदाखल्याची प्रत, आईच्या नावासह.
२) आम्हा दोघींचे छायाचित्र.
(आईचे संमतिपत्र जोडलेले नाही. ती कशालाही संमती देते.)