सापडलं नाही, एवढं तरी सांगा

आबा,

तुमचं दुकान आता माझं ऑफिस झालं आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तुम्ही गेल्यावर काकांनी खिळे, दोऱ्या, पाइपचे तुकडे सगळं विकून टाकलं, पण फळ्या तशाच राहिल्या. जिथं तुमचा गल्ला असायचा तिथं माझा लॅपटॉप असतो. आई भावाकडे सुरतेला असते. मलाही ते बोलवतात, पण तिथं मला पाणी प्यायचं म्हटलं तरी कुणाला तरी हाक मारावी लागते आणि इथं ब्राह्मणपुरीत प्रत्येक उंबरठा माझ्या पायाला ओळखतो, म्हणून मी हटून बसले. तुमचीच लेक. सकाळी शटर अर्धं वर करते. उजेडाशी माझं काय देणंघेणं, पण वारा येतो आणि माणसांचे आवाज येतात. अजूनही कुणीतरी नळ गळतो म्हणून येतं आणि वाकून विचारतं, "ताई, वायसर शे का?" मी म्हणते, "नही शे भाऊ, शहादाले जाय, बसस्टँडना मांगे भेटी." तो माणूस जातो. कधी कधी दिवसभरात समोरासमोरचं बोलणं तेवढंच होतं.

तुम्हाला माझ्या नोकरीचं काही सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही होतात तेव्हा मी पुण्याला कॉम्प्युटर शिकत होते आणि तुम्ही गावभर सांगत होता की पोरगी बँकेत लागणार. बँकेत नाही लागले. पुण्याच्याच एका कंपनीत लागले, ती वेबवर शोधायचं साधन बनवते. म्हणजे असं समजा, एक रिकामी पेटी असते, तिच्यात माणसानं शब्द लिहायचा आणि जगभरात त्या शब्दाबद्दल जे लिहिलेलं असेल ते पुढ्यात येतं. डोळस माणूस ते बघतो. माझ्यासारख्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक आवाज असतो, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. पण आवाज बिचारा सांगकाम्या. बनवणाऱ्यानं ज्या गोष्टीला नाव दिलं नाही ती त्याला वाचता येत नाही. बटणाला नाव नसलं की तो नुसता "बटण" म्हणतो. कसलं बटण, दाबलं तर काय होईल, राम जाणे. असल्या सगळ्या जागा हुडकायच्या, त्या पुण्याच्या मंडळींना दाखवायच्या आणि दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम. मागे लागण्यात मी पटाईत आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

या कामाचं शिक्षण मला पुण्यात मिळालं असं सगळे समजतात. मला ते तुमच्या पायरीवर मिळालं. कुणाच्याही घरी गेलो की तुम्ही उंबरठ्याशी थांबायचात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला सांगायचात, "आठे तीन जन बठेल शेतस. डावा हातले तुन्हा काका, खाटवर मास्तर, नि दारजवळ मास्तरनी बाई." लोक हसायचे. काका तर म्हणायचे, हा काय पंचायतीची हजेरी घेतो का. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुमचं सांगून झालं की मी मान वळवून प्रत्येकाला बरोबर नमस्कार करायची आणि मग हसणारे गप्प व्हायचे. आता कुणाकडे लग्नाला, बारशाला गेले की मी दारात उभी राहते, आत बोलणं अचानक थांबतं, आणि मला कळत नाही की कोण आहे, किती आहेत आणि माझ्याकडे बघतायत की नाही. त्यामुळे हल्ली मी जाणंच कमी केलं आहे.

आणि एक दिवस मला दुकानातला आठवतो, तुम्ही रागावला होता तो. मी लहान आहे, तुम्ही जेवायला घरात गेला आहात आणि मी गल्ल्यावर. एक माणूस आला. म्हणाला, "ते गोल ऱ्हास ना, पाइपले लावतस, ते जोयजे." मला कळलं काय हवं ते. मी मुकाट्यानं डब्यांत हात घालून चाचपायला लागले. एक डबा, दुसरा डबा, परत पहिला. तो बिचारा उभा. मी शोधण्यात इतकी गढलेली की तो आहे हेच विसरले. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि त्याच्यासमोरच मला झापलंत, "तू धुंडी ऱ्हायनी का झोपी गयी, त्याले कसं समजी? धुंडी ऱ्हायनू, असं सांग. नही भेटनं ते नही शे सांग, त्यानी काय लाज? पन मानूसले उभं ठेवानं नही." मला रडू आलं. संध्याकाळी तुम्ही मला एक छोटी पितळी घंटी आणून दिलीत आणि म्हणालात, बोलायचा कंटाळा आला तर ही वाजव, माणसाला कळेल तरी की तू आहेस. मी ती एकदाही वाजवली नाही. त्यापेक्षा बोलायला शिकले. घंटी अजून इथंच आहे, लॅपटॉपच्या शेजारी.

तर झालं काय, आमच्या साधनात नेमकी हीच खोड होती. शब्द लिहिला, कळ दाबली आणि सापडलं, तर आवाज सांगायचा की इतकं इतकं सापडलं. तेवढं मी भांडून आधीच करून घेतलं होतं. पण काहीच सापडलं नाही तर आवाज गप्प. चूप म्हणजे चूप. अजून शोधतंय, की शोधून झालं, की इंटरनेट गेलं, की कॉम्प्युटरच अडकला, काही कळायला मार्ग नाही. आंधळं माणूस कानात प्राण आणून बसून राहायचं. मी हे पुण्याला लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. शेवटी सगळ्यांची फोनवर मीटिंग होती तेव्हा मी विषय काढला.

आमचा प्रमुख मनानं वाईट नाही, माझ्या वाढदिवसाला आठवणीनं फोन करतो. तो म्हणाला, "पण ताई, काही सापडलं नाही तर पान रिकामं दिसतंच की. शिवाय मधोमध चित्र आहे."

"कसलं चित्र?" मी विचारलं.

"एक भिंग आहे, रडवेल्या तोंडाचं. लोकांना फार आवडतं ते."

नोकरीला लागल्यापासून मी ते पान तपासतेय आबा, आणि तिथं एक रडकं भिंग बसलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला हसू आलं आणि संतापही आला. प्रमुख पुढे बोलतच होता, "आणि काहीच न सापडणं तसं क्वचितच होतं. आत्ता नवी आवृत्ती तोंडावर आलीय. हे नंतर कधीतरी घेऊ. चालेल ना? बघून कळतंच म्हणा सगळ्यांना."

बघून कळतंच. हे मी आधी ऐकलं होतं. फोन कानाला तसाच राहिला आणि मी मनानं तुमच्या अंगणात जाऊन पोचले, तुम्ही गेलात त्या दिवशीच्या.

मी शिकत होते तेव्हा पुण्याला फोन आला होता की आबांची तब्येत जरा बरी नाही, ये. आपल्याकडे फोनवर एवढंच सांगतात, पुढचं सांगत नाहीत. प्रवासात माणूस खचू नये म्हणून. मी निघाले. नंदुरबार स्टेशनवर काका जीप घेऊन आले होते. रस्ताभर काका काही बोलत नाहीत. प्रकाशाच्या पुलावर जीपचा आवाज बदलतो, खाली तापी आहे हे मला त्यावरून कळतं, आणि मी विचारते, "काका, आबाले ताप शे का अजून?" काका घसा खाकरतात. मला वाटतं गाडी चालवताना बोलत नसतील. अंगणात उतरले तर माणसांचा वास, खूप माणसांचा, आणि उदबत्तीचा. आणि एकही आवाज नाही. नंतर कळलं की कुणीतरी मोठ्या बाईनं सगळ्यांना बजावलं होतं, "पोर वाटमा शे, आधी पानी द्या तिले, मंग रडा." मायेनंच सांगितलं होतं तिनं. मी उंबरठ्याशी थांबले. सवयच ती. तुम्ही सांगाल म्हणून थांबले, की कोण कुठं बसलंय. कुणी काही सांगितलं नाही. मी विचारलं, "आबा कोठे शेतस?" कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तेव्हा मी चिडून पुढे झाले, हात लांबवला, आणि माझ्या हाताला तुमचं पाऊल लागलं. ते गार होतं.

उत्तर मिळालं ते असं. मी काकांना फार दिवसांनी विचारलं की तुम्ही सांगितलं का नाही. ते रडायला लागले. म्हणाले, "आम्हले वाटनं, तुले समजी गयं व्हई. समोरच व्हतं ना सगळं." त्यांच्यावर मी रागावू तरी कशी? समोरच होतं, खरंच. अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि जिचा बाप गेला होता तिला तेवढं ठाऊक नव्हतं. मला आजही वाटतं की कुणीतरी नुसतं म्हणायला हवं होतं, पोरी, आबा गेले. मी कोसळले असते, पण सगळ्यांच्या बरोबर कोसळले असते.

हे सगळं मनात चालू असताना फोनवर मी गप्प होते. पुण्याच्या मंडळींना माझा चेहरा दिसत नव्हता, मी कॅमेरा लावत नाही. थोड्या वेळानं प्रमुख म्हणाला, "ताई?" मग म्हणाला, "हॅलो, आवाज येतोय का?" दुसरी एक मुलगी, कोड लिहिणारी, म्हणाली, "त्यांची लाइन गेली वाटतं." तिसरा म्हणाला, "नाही नाही, जोडलेल्या दिसतायत." मग त्यांची आपसात कुजबुज सुरू झाली, रागावल्या का, लाइट गेली का, दुसरा फोन करू का. तुमची लेक तेवढ्यात भानावर आली. म्हटलं, "आहे मी. किती वेळ गप्प बसल्यावर तुम्ही घाबरलात? आमचे लोक त्या पानावर असेच बसतात." मग ती कोडवाली मुलगी म्हणाली, "आवृत्तीच्या आधी करून टाकते मी." आणि प्रमुखानं नाही म्हटलं नाही.

एका झटक्यात नीट होईल ते कॉम्प्युटरचं काम कसलं. पहिल्यांदा तिनं जे केलं त्यात मी शब्दाचं एक अक्षर लिहिलं की आवाज ओरडायचा, काही सापडलं नाही; दुसरं लिहिलं की पुन्हा, काही सापडलं नाही. मला हसून हसून पुरेवाट झाली. थेट आपले काका! गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत "नही शे" म्हणून मोकळे होणारे, आणि तुम्ही कपाळाला हात लावणारे. मी तिला म्हटलं, अगं, माणसाला बोलून तर संपवू दे, मग सांग. तिनं ते बरोबर केलं. मग ती म्हणाली, "ताई, आवाजानं नेमकं काय म्हणायचं ते वाक्य तुम्हीच द्या." मी एक संपूर्ण सकाळ त्या वाक्याला दिली. शटर अर्धं वर होतं, मी मोठ्यानं वेगवेगळी वाक्यं म्हणून बघत होते, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असेल की आबाची पोर एकटी राहून खुळावली. शेवटी असं ठरलं, आधी माणसानं विचारलेला शब्द म्हणायचा, मग, "यासाठी काही सापडलं नाही. दुसऱ्या शब्दानं शोधून पाहा." म्हणजे काय केलं मी? तुमचंच केलं. नही शे, शहादाले जाय.

ते वाक्य आता किती लोकांच्या कानात जातं मला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणाला मी माहीत नाही, तुम्ही तर नाहीच. पुण्यात ती मीटिंग आता गोष्टीसारखी सांगतात, नव्या मुलांना सांगतात की ताईंनी काय युक्ती केली, मुद्दाम गप्प बसून दाखवलं. मी त्यांना ती युक्ती नव्हती असं सांगितलेलं नाही. सांगायला लागले तर अंगणापर्यंत जावं लागेल, आणि फोनवरच्या माणसांना मी तिथवर नेऊ शकत नाही.

हे मी लॅपटॉपवर लिहितेय आणि आवाज मला माझंच वाक्य न् वाक्य वाचून दाखवतोय, अगदी कोरड्या सुरात, बँकेतल्या बाईसारखा. हे पाठवायचं कुठं? पुसणारही नाही, इथंच राहू देईन. फक्त एक गोष्ट राहिली आहे, ती पुण्यात कुणाला ठाऊक नाही. नवी आवृत्ती आली की रिकाम्या पानाचा आवाज नीट येतो की नाही ते मला तपासावं लागतं. त्यासाठी असं काहीतरी लिहायचं असतं जे जगात कुठंच सापडणार नाही. बाकीचे लोक त्यासाठी कसलीही अक्षरं ठोकतात. मी तुमचं नाव लिहिते, पुरं, बापाच्या नावासकट, आणि पुढे गावाचं नाव. कळ दाबते आणि थांबते. आवाज तुमचं नाव घेतो आणि सांगतो, यासाठी काही सापडलं नाही. तपासणी तिथं संपते, आबा. मी मात्र मागे नेणाऱ्या बाणाची कळ दाबते आणि त्याला ते पुन्हा सांगायला लावते.