तांब्याचे खिळे

आबा, तुमच्या होडीला नेमकं काय झालं होतं ते मला परवा कळलं. तुम्ही जाऊन जन्म लोटला, आई गेली, त्या घराच्या जागी धाकट्या भावानं स्लॅबचं घर बांधलं, आणि आता हे कळून कुणाला काय उपयोग! पण कळलं ते कळलं. दुसऱ्या कुणाला त्याचं काय पडलंय, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. शिमगा झाला होता, वाडीतले चाकरमानी मुंबईला परत निघाले होते, आणि तुम्ही मात्र उलटे, गोदीतलं काम सोडून घरी आलात. लाँचीच्या मागे बांधून ती होडी खाडीतनं दासगावपर्यंत आणलीत, तिथून बैलगाडीवर उपडी घालून अंगणात. सगळी वाडी बघायला लोटली. ॲल्युमिनियमची होडी! आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणायचे. पातेली जर्मनची, डबे जर्मनचे, पण होडी कुणी ऐकली होती? लढाईनंतर गोदीच्या भंगारात पडून राहिलेली, पोचे आलेली, भंगारवाल्यानं 'पत्रा चांगला आहे' म्हणून तुम्हाला विकलेली. आईनं कपाळाला हात लावला. "अवं, पातेल्यात बसून मासं मारणार काय तुमी?" शेतकरी माणूस आणि म्हणे मासे मारणार, लोक तोंडावर हसत होते. तुम्हीही हसलात, आणि मी चपापलेच. वर्षातनं दोनदा घरी येणारे तुम्ही, तुमच्या हसण्याची आम्हाला सवय कुठली? मग म्हणालात, "आता परत जायाचा नाय मी. पावसात शेती हाय, बाकीचं वरीस ही पोसंल. नातवाला मांडीवर घेऊन बसनार हाय." मी पोटावरचा पदर सारखा केला आणि आत गेले.

पत्रा तसा धड होता. पण होडीची मागची बाजू लाकडाची, एक जाड फळी आणि तिला दोन्हीकडून पत्रा ठोकलेला, ती फळी पार कुजली होती. तुम्ही कोयत्याचं टोक लावलंत तर ते मुठीपर्यंत आत गेलं. ओल्या भुशासारखं लाकूड हातानं खरवडून काढताय, मी दारात बसून बघतेय, चैत्राचं ऊन अंगणभर पसरलंय. मग तुम्ही माळ्यावर चढता आणि सागवानाची फळी खाली घेता. आई चुलीपुढून उठून येते. "ती दाराची फळी हाय! कवाधरनं ठेवलीय मी. बाळंतीन पोर घरात, आनि आमी झावळ्यांचा झाप लावून निजायचं?" तुम्ही फळीवरची धूळ झटकता आणि म्हणता, "दार कशाला हवं गो? मी हाय ना आता घरात." आई चुलीकडे गेली आणि उगाचच लाकडं पुढं सारत राहिली. तिला आनंद झाला होता आबा. तुम्हाला दिसलं नसेल, मला दिसलं.

खिळे महाडच्या बाजारात हवे तेवढे मिळत होते, लोखंडाचे. पण तुम्हाला ते चालेनात. दासगावला होड्या बांधणाऱ्या सुताराकडून तांब्याचे खिळे आणलेत. त्यांच्या लाकडी होड्यांना तांब्याचेच मारतात, भरतीच्या खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही. "एकदाच करायचं तर झकास करायचं," असं म्हणत तुम्ही एकेक खिळा असा ठोकत होतात की जणू घरचं लग्न आहे. मला तर ते खिळे बघायलाच छान वाटायचे, लालबुंद, ओळीनं बसलेले.

आणि चालली की होडी! पावसाळ्यात तेवढी उपडी घालून ठेवलीत. दिवाळीला मी बाळ घेऊन आले तेव्हा घरात बोय माशांचं कालवण शिजत होतं, आणि हसणारेच आता वाटा मागायला येत होते. बाळ तुमच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हतं. खिळ्यांभोवती पांढरी भुकटी धरायला लागली होती, चुन्यासारखी. "खार बसतो," म्हणून तुम्ही ती रोज फडक्यानं पुसत होतात. कुणाला शंका यावी असं त्यात काय होतं?

पौषात, भर दुपारी, मधल्या धारेत फळी पत्र्यापासून सुटली. तुम्ही पोहून आलात. दोर लावून होडी वर ओढली तेव्हा खिळे फळीत जसेच्या तसे, नवे कोरे. आणि पत्र्याला प्रत्येक खिळ्याभोवती हे एवढालं भोक. परत ठोकायचं तर कशात? काठावरचा पत्राच उरला नव्हता. निरोप ऐकून मी आले, तर तुम्ही अंगणात बसला होतात, तुमच्या मांडीवर फळी. "भंगार ते भंगारच," म्हणालात. "त्या मेल्यानं फसवलंन मला. आपल्या नशिबी गोदीच हाय गो." शिमग्याआधी त्या फळीचं दार करून दिलंत आणि गेलात. परत आला नाहीत. गोदीतच काम करताना गेलात. आम्हाला कळेपर्यंत तिकडं सगळं उरकलंही होतं. आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, दाराचं लाकूड पाण्यात घातलंन म्हणून असं झालं, मी तेव्हा अडवायला हवं होतं. मी तिला म्हणायचे, पुरे गं.

परवा नातवंडांना होडीची गोष्ट सांगत होते. तुमचा नातू, त्या वेळचं ते बाळ, कारखान्यातून निवृत्त होऊन आता घरीच असतो. तो चहा पिता पिता म्हणाला, "तांब्याचे खिळे? जर्मनला? अगं आई, खाऱ्या पाण्यात तांबं जर्मनला खातं, त्याचीच ती पांढरी भुकटी. साधे लोखंडाचे मारले असते तर होडी बरीच वर्षं चालली असती." एवढं बोलला आणि बशी ठेवून उठला. असा संताप आला मला, की काय सांगू! तुमचाच आला, आबा. बाजारातले गंजके खिळे मारून मोकळे झाला असतात तर घरी राहिला असतात. कायमचं राहायचं म्हणून चांगलं करायला गेलात, आणि त्यातच सगळं गेलं. कुणाला बोल लावायचा? भंगारवाला बिचारा खरंच बोलला होता, पत्रा चांगला होता.

आधी ठरवलं होतं, हे लिहून झालं की तुमच्या फोटोपुढं बसून वाचायचं. आता नाही वाचत. त्या भंगारवाल्याला शिव्या देत गेलात ना, तेच राहू दे. माणूस गेल्याचं बरं वाटू नये, पण देवाशपथ सांगते आबा, चहाच्या वेळी तो ते बोलला तेव्हा तुम्ही तिथं नव्हतात याचं मला बरं वाटलं.