मणक्यातलं पाणी आणि तुझं नाव

सास्तूर, शनिवार

लाडके शिवकन्ये,

बुधवारी फोनवर तू म्हणलीस, "अक्का, तुझं विसरायचं दुखणं मलाबी होणार. पोटातल्या लेकराला कशाला देऊ? सोमवारी जाऊन पाडते."

माझ्या मणक्यातलं पाणी तपासून डॉक्टर बोलले ते खरंय. मेंदूला चरबी पोचवणारं प्रथिन माझ्यात कमजोर जातीचं निघालं. ते रक्ताच्या नात्यातून येतं, सख्ख्या बहिणीतबी असू शकतं.

पण तू सख्खी न्हाईस गं.

आईची तान्ही शिवकन्या भूकंपात गेली. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून तुला काढलं, तुझं कुणीच उरलं नव्हतं. आईचा पान्हा दाटला होता. तिनं तुला पदराखाली घेतलं अन् त्या लेकीचंच नाव दिलं. आई-अण्णा गेले. आता हे माझ्या एकटीच्या डोक्यात हाय, अन् डोकं असलं!

सांगितलं तर तुझी आई हिरावते, न्हाय सांगितलं तर तुझं लेकरू. फोनवर हे सांगवत न्हाय, म्हणून दोन दिवस हेच लिहून पाकीट घेऊन फाट्यावर जाते. तुझ्या धाराशिवची एसटी येते, ड्रायव्हर पाकीट घ्यायला हात पुढं करतो, अन् मी परत फिरते.

मी विसरले की तू कायमची सख्खी होशील. पण सोमवारच्या आतच विसरले तर?

तुझी, अजून तरी तुझीच,
अक्का