कादंबरी माझीच आहे

किल्ल्यातला तुरुंग, पॅरिस

प्रिय उर्स्यूलताई,

खोली कोरडी आहे, सूपही गरम मिळतं. खोकल्याचं मनावर घेऊ नकोस. आईचे गुडघे कसे आहेत?

ती चावट कादंबरी मी रिवाजाप्रमाणे निनावी छापली. बड्या बायका दिवाणखान्यात पाद्री मोर्लांला विचारायच्या, "तुम्हीच ना लिहिलीत?" आणि तो, जणू त्यानंच लिहिली, असा नुसता गालात हसायचा. शेवटी पोलीस त्यालाच पकडायला निघाले. माझ्या पुस्तकासाठी तुरुंगात तो जाणार? मी स्वतः चौकीवर जाऊन सांगितलं, "त्यातलं अक्षर न् अक्षर माझं आहे."

आता पॅरिसभर बोलतात, काय भला माणूस, पाद्र्याचं पाप अंगावर घेतलं. ऐकून अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आईला मात्र तेच खरं वाटू दे.

तुझा हट्टी भाऊ,
गास्पार