बिनआवाजाची गाडी

सत्या,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत न्हाई.

आप्पांची जुनी गाडी तू शिक्रापूरला नेलीस, आन् पेट्रोल परवडत न्हाई म्हणून गावाकडं येणंच सोडलंस. मग आप्पाच म्हणाले, "बॅटरीवर कर की!" आपल्याच गोठ्यात तू इंजिन उतरवून मोटर बसवलीस. नजर गेलेले आप्पा पाने चाचपून तुझ्या हातात देत व्हते. "आता म्हाळसेचं पोरगं दर रविवारी येणार," असं गावभर सांगत व्हते.

पूर्वी गाडी वळणावर आली की आप्पा आवाजावरनं वळखायचे, मला हाक मारायचे. "म्हाळसे, चहा टाक, सत्या आला!"

काल मित्रांना गाडी दाखवत तू आपल्या दारावरनं नदीकडं गेलास. आप्पा ओट्यावरच बसले व्हते. तू त्यांच्याकडं बघितलंस आन् काच वर घेतलीस. मी दारातच उभी व्हते.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज रविवार ना? सत्या कसा आला न्हाई?"

"बॅटरी उतरली आसंल," मी म्हणले.

हे पत्र धाडणार न्हाई. वाचून लाजंखातर येशील, आन् तसलं येणं मला नको.

गाडीचा आवाज काढून टाकलास ते बरंच केलंस. तू येऊन गेलास, हे त्यांना कळलं न्हाई.

आप्पांची लेक,
म्हाळसा