जिवंत बहिणीचं शोकगीत

हिलो,
रविवार, २ मार्च २०१४

प्रिय उलुवेही,

अलोहा. तू, पीटर आणि मुलं सुखरूप असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. आपलं रेडिओ केंद्र अजून त्याच मासळीबाजारावरच्या खोलीत आहे आणि पहाटे पाचला पहिलं गाणं अजून मीच लावतो. मधल्या वाऱ्यात मनोरा वाकला होता, तो पलानीने दोर बांधून सरळ केला. पलानी म्हणजे आमचा यंत्रं सांभाळणारा. तोंडाने फाटका, हाताने सोन्याचा.

अकरा वर्षांनी पत्र लिहितोय आणि मनोऱ्याची खबर देतोय. तू हसशील किंवा इथेच पत्र फाडशील. फाडू नकोस. काम तुझ्याकडे आहे.

नोहेआ तुला आठवते का, बंदरावरच्या कालेओची धाकटी? ती आता हुला शिकवते. मोठमोठे लोक तिला मान देऊन ‘कुमू’ म्हणतात. ईस्टरनंतरच्या स्पर्धेत तिच्या सव्वीस मुली उतरणार आहेत. तिला बाबांचं ते नेच्याच्या रानातलं गाणं हवं आहे. तुझं गाणं. तू जन्मलीस त्या सकाळी बाबांनी रचलेलं तुझं नामगीत. ते तुझ्या मालकीचं आहे, तुझ्या होकाराशिवाय कुणी गाऊ शकत नाही, नाचू शकत नाही. हे मी तुला शिकवायला नको. तीस वर्षं हेच तर मी माईकवर ओरडत आलो. हॉटेलवाल्यांनी कुणाच्या आजीचं गाणं दारूच्या पेल्यासोबत वाढलं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सालं काढायचो. आमची जमीन घेतलीत, भाषा शाळेबाहेर काढलीत, आता आमची नावंही पाहुण्यांना खेळायला देता? विचारायला तुमची जीभ झडते का? लोक गाड्या रस्त्याच्या कडेला थांबवून ऐकायचे.

ते सगळं खरं होतं. आजही खरं आहे. खोटा निघालो तो मी.

जानेवारीत नोहेआ माझ्या सकाळच्या कार्यक्रमात आली होती. बोलता बोलता तिने थेट माईकवरच विचारलं, “अंकल, ते गाणं मिळेल? पण ते तुमच्या बहिणीचं ना? होकार त्यांचाच लागेल. कुठे असतात त्या?”

समोर लाल दिवा जळत होता. सगळं बेट ऐकत होतं. माझी बहीण लास वेगासला आहे, आणि अकरा वर्षांत मी तिला एक फोन केलेला नाही, एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्यांना ‘विचारा, विचारा’ म्हणून दटावणाऱ्या माणसाला स्वतःच्या बहिणीला विचारता येत नव्हतं.

मी म्हणालो, “ती वारली. घरात मोठा मी. माझा होकार आहे.”

लिहिलं एकदाचं.

पुढचं ऐकायचा तुला हक्क आहे. दुपारपर्यंत केंद्राचा जिना माणसांनी भरला. फुलांचे हार आले, पातेलीभर लाऊलाऊ आलं, तू जिला पोहायला शिकवलंस ती लोके माझ्या खांद्यावर रडली. मी तिला रडू दिलं. चौथ्या दिवशीही जेवण येतच होतं, तेव्हा पलानी म्हणाला, “अंकल, बहीण मधूनमधून मरत राहिली तर आपल्याला डबा आणायला नको.” मी त्याच्यावर असा ओरडलो की तो दोन दिवस फिरकला नाही. सगळ्यांना वाटलं, दुःख आहे.

एमालिया आंटी तेव्हा होनोलुलूला लेकीच्या शस्त्रक्रियेसाठी गेली होती, म्हणून महिनाभर निभावलं. परवा ती परतली. त्र्याऐंशी वर्षांची बाई काठी आपटत तो जिना चढली.

“तुझी मेलेली बहीण मला दर नाताळात कार्ड पाठवते रे. वर पत्ता वाळवंटातला असतो. स्वर्गात एवढं ऊन असतं होय?”

मी म्हणालो, “आंटी, आज तिला फोन करतो.”

“फोनवर तू भाषण ठोकशील. लिही. आणि गोड लिहू नकोस.”

मग आम्ही दोघं नोहेआकडे गेलो. मुलींची तालीम चालू होती. उलू, त्या रडत नाचत होत्या. माझ्या शब्दावर विसंबून नोहेआने ते शोकगीत म्हणून बसवलं होतं. चाल संथ केलेली, नजरा खाली, शेवटी हात जमिनीला टेकलेले. बाबांनी ज्या ओळीत तुला उन्हात वर उचललंय, तिथे सव्वीस पोरी तुला मातीत ठेवत होत्या. चार आठवडे, रोज.

आंटीने काठीने ढोल थांबवला. नोहेआ सगळं ऐकून एवढंच म्हणाली, “अंकल, जिवंत बाईवर मी हे काय केलं? तुम्ही माझ्याकडून काय करवून घेतलंत?” तिने मुलींना घरी पाठवलं. तिच्याही वाट्याला आलेलं हे पाप माझं आहे.

येत्या शुक्रवारी स्पर्धेला गाण्याचं नाव कळवायचं आहे. पत्र जलद टपालाने टाकतोय, बुधवारपर्यंत मिळेल. नोहेआचा नंबर मागच्या पानावर आहे. हो म्हण किंवा नाही म्हण, तिलाच म्हण. मला मधे घेऊ नकोस. नाही म्हणालीस तर कुणी कारण विचारणार नाही. आणि गुरुवारी सकाळी सातला मी माईकवर सांगणार आहे की माझी बहीण जिवंत आहे आणि मी खोटं बोललो. लोकांनी ते ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून गुरुवारपर्यंत थांबतोय. त्यानंतर सकाळचा कार्यक्रम दुसरं कुणी करेल.

अजून एक आहे. तू गेलीस त्या दिवशी मी माईकवर बोललो होतो, की जे बेट सोडून जुगाराच्या दिव्यांखाली राहायला जातात, त्यांनी आपली गाणीही इथेच टाकून जावीत. विमानतळाच्या वाटेवर तुमच्या गाडीत रेडिओ चालू होता, हे मला माहीत होतं. पीटरचं काम सुटलं होतं, घरमालकाने भाडं दुप्पट केलं होतं, तेही माहीत होतं. टाळ्या मिळाव्यात असं वाक्य होतं, आणि मिळाल्याही. त्या सकाळी मला खरं म्हणजे दोनच शब्द म्हणायचे होते. जाऊ नकोस. तेवढे मला बोलता आले नाहीत.

तुझ्या गाण्यावर कसलाही हक्क नसलेला, तरी तुझाच भाऊ,
कामुएला