दहीभात कालवला तो हात

आबा, आज सून बोटाला चिंधी गुंडाळून पीठ मळायला बसली आणि मी तिच्यावर एवढी ओरडले की ती परात टाकून उठली. विळीवर कापलं होतं, इतकंच. मला तिला कारण सांगता आलं नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तुम्हाला तरी सांगावं म्हणून बसले आहे.

मुरबाडच्या आपल्या खाणावळीत तेव्हा तुम्ही आणि मी दोघंच. आई गेलेली, आणि मला शहापूरच्या सासरहून ‘हिला काय जमत नाय’ म्हणून परत धाडलेलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी भाताची चूल माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "इथं एकच गोष्ट बघायची. हात. ज्याच्या हाताला जखम, तो चुलीपाशी नाय." रोज सकाळी राखेनं कोपरापर्यंत घासलेले आपले हात तुम्ही उजेडात धरायचात, मग माझे बघायचात. वाढायला पळी होती, पण मळणं, वळणं, कालवणं सगळं हातानंच. मला त्या बघण्याची धास्ती वाटायची. चूल काढून घेतली तर मी या घरात कशासाठी राहायचं, हेच मनात यायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा होता. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखुरडं झालं. दोन दिवस नुसतं ठणकलं, तिसऱ्या दिवशी नखाच्या कडेला पिवळं दिसायला लागलं. त्याच दिवशी धसईहून कल्याणला भात नेणारे गाडीवाले दुपारी जेवायला थांबणार होते. तुम्ही घाईत होतात. "धुतलेस ना?" एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं.

परसात वाडीवरची बाई भांडी घासत होती. तिनं उंबऱ्याच्या आत यायचं नाही, तिनं घासलेली भांडी मी पुन्हा पाणी ओतून आत घ्यायची, हा आपला रिवाज. पातेलं घेताना तिनं माझं बोट पाहिलं. "आगो, पू झालाय. त्या हातानं नको कालवू. बापाला सांग."

"गप बस. तू तुझी भांडी घास."

ती पुन्हा राख घेऊन घासायला लागली. मी आत गेले आणि मोठ्या पातेल्यात दहीभात कालवला. बोट बाहेर धरून कालवायचा प्रयत्न केला, पण तेवढ्या भाताला सगळा हात घालावाच लागतो. सकाळी कालवलेला तो भात दुपारपर्यंत तिथेच, चुलीच्या उबेला राहिला.

गाडीवाले जेवले, झाडाखाली आडवे झाले, आणि उन्हं कलायच्या आत एकेक करून ओकायला लागले. मी दाराआड उभी आहे आणि मोजते आहे: चार, पाच, सहा. त्यातल्या म्हाताऱ्याचे डोळे आत गेलेले. कुणीतरी "पटकी" म्हणालं आणि रस्त्यावरची माणसं लांब सरकली. तुम्ही सरकला नाहीत. त्या म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला मिठाची पेज पाजत बसलात. मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. मी दार आणखी लोटून घेतलं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. पटकी नसावी, खाण्यातलंच काही बाधलं असेल, म्हणाले. त्यांनी तुमचे हात उलटसुलट करून पाहिले. "स्वच्छ आहेत. आणखी कोणाचा हात लागतो?"

"घरचीच पोर. तिचे मी रोज बघतो," तुम्ही म्हणालात.

म्हणून त्यांनी मला बाहेर बोलावलंच नाही. पाणी कुठलं, भांडी कोण घासतं, हे विचारलं. भांड्यांचं नाव निघताच सगळ्यांच्या माना परसाकडे वळल्या. "तिच्याच हातचं," एक गाडीवाला म्हणाला. डॉक्टर "तसं सांगता येत नाही" म्हणत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. तुम्ही तिला म्हणालात, "उद्यापास्नं येऊ नको." ती उठली. दाराच्या फटीतून मी तिला दिसत होते. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

म्हातारा वाचला. सगळेच वाचले. नखुरडं मी सुईनं फोडलं आणि खाणावळ बंद होती त्या आठ दिवसांत बोट बरं झालं. तिच्या वाडीवर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, पण जाईपर्यंत तिची झोपडी रिकामी होती. तिच्या घरची माणसं कामाला तानशाच्या तलावाकडे गेली होती. दरवर्षी जायची, पण त्या वर्षी लवकर गेली. खाणावळीतलं काम सुटलं म्हणूनच, दुसरं काय. पुढे तुम्ही आजारी पडलात. शेवटच्या दिवसांत माझा हात हातात घेऊन म्हणालात, "तुझ्या हातानं कुणाचं वायट झालं नाय." तेव्हाही मी नुसती मान हलवली.

एक गोष्ट तर तुमच्यामागे घडली. धसईच्या बाजारात ती वाडीवरची बाई भेटली. बरीच वाळली होती, पाठीला पोर बांधलेलं. तिनं मला ओळखलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात, खरंच काळजीनं विचारलं, "तुजं बोट बरं झालं ना गो?"

माझ्यासोबत सासरची माणसं होती आबा, तेव्हा मला परत नेलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "कुठलं बोट?"